त्रेचाळीस नंबरची दुसरी शिंक

दिवाळी अंकाला नोकरीचे अनुभव लिहिणार म्हटल्यावर ऑफिसात सगळे हसले. म्हणाले, अनुभव रिटायर झालेली माणसं लिहितात, तू अजून अठ्ठावीसची. बरोबर आहे. पण मी ज्या कामात होते ते कामच माझ्याआधी रिटायर झालं, त्याला मी काय करू. मी टेलिफोन ऑपरेटर होते, उरणकडच्या एका छोट्या एक्स्चेंजमध्ये. हाताने कॉल जोडायचे. मग ऑटोमॅटिक आलं, बोर्ड उचलून नेला आणि मला बेलापूरला टायपिंगला बसवलं. हे पण मशीनवरच बडवतेय, जेवणाच्या सुट्टीत, तर शुद्धलेखन सांभाळून घ्या. बोटं डोक्याच्या पुढे पळतात.

सगळी चार वर्षं नाही सांगत. एकाच सीझनचं सांगते. शिंकांचं.

आधी बोर्ड समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. कपाटाएवढी लाकडी फळी, तिच्यावर ओळीने छोटी छोटी पितळी झाकणं, प्रत्येकावर नंबर. तुम्ही घरी फोनचं हँडल फिरवलंत की आमच्याकडे तुमच्या नंबरचं झाकण टक्कन खाली पडायचं. त्याला आम्ही शटर म्हणायचो. शटर पडलं की त्याच्या खालच्या भोकात प्लग घालायचा, कानाला हेडफोन असतोच, आणि म्हणायचं, "नंबर प्लीज." तुम्ही नंबर सांगायचा, मी दुसरा प्लग त्या नंबरात घालायचा. झालं. बाहेरगावचा असेल तर ट्रंक कॉल. तो आधी बुक करायचा, मग लाइन मिळाली की मी तुम्हाला उलटा फोन करायचा. अख्ख्या गावाची सुखदुःखं माझ्या कानातून जायची आणि मी त्यातलं काही ऐकलेलं नसायचं. हाच नियम होता.

आता शिंका. मला लहानपणापासून त्रास, पण परभणीकडच्या आमच्या गावात फारसा नव्हता. बाबा नव्या वसाहतीच्या पाइपलाइनवर कामाला लागले, आम्ही बेलापूरला आलो, आणि इथे भराव टाकून केलेल्या जमिनीवर बिल्डिंगच्या आधी गवत उगवलं. माणसाच्या छातीएवढं. त्यात ते पांढऱ्या फुलांचं गाजरगवत. गणपती झाले की त्याला फुलोरा यायचा आणि माझ्या नाकातून पाणी सुरू व्हायचं. उरणला तर चारी बाजूंना भातं. डोळे सुजून टमाटे. सलग वीस वीस शिंका, श्वास घ्यायलाही मधे जागा नाही. टाळूला आतून अशी खाज सुटायची की जीभ घासून घासून सोलायची. ज्यांना होतं त्यांना कळेल. ज्यांना होत नाही ते म्हणतात, सर्दी आहे, काढा घे.

काढा घेतला. वाफ घेतली. ओव्याची पुरचुंडी नाकाला लावून बसले. शेवटी बेलापूरच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी नाकात बॅटरी मारली आणि म्हणाले, "हे फीवर आहे."

मी म्हटलं, "कुठलं?"

"हे फीवर."

"हो, पण कुठलं फीवर, डॉक्टर?"

त्यांनी मग कागदावर लिहून दाखवलं. हे म्हणजे वाळलेलं गवत. मी तसंच रजेच्या अर्जात लिहिलं, 'मला हे फीवर झाल्यामुळे दोन दिवस येऊ शकले नाही.' अर्ज परत आला, 'हे' या शब्दाखाली लाल रेघ आणि बाजूला प्रश्न, 'कोणते ते स्पष्ट लिहावे.'

ती लाल रेघ पेंडसेबाईंची. त्या आमच्या सुपरवायझर. दादरच्या, रोज लाँचने उरणजवळच्या मोऱ्याच्या धक्क्यावर उतरून यायच्या, साडीची एक घडी मोडलेली नसायची. कडक होत्या, पण खोट्या नव्हत्या.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळीने शिंका थांबायच्या आणि मी पण थांबायचे. म्हणजे डोळे उघडे, हात चालू, आणि डोकं गादीवर. अशाच एका दुपारी मी दोन म्हात्रे एकमेकांत घातले. एका म्हात्रेंकडे बारसं होतं, दुसऱ्यांचे वडील गेले होते. बारशाच्या घरी फोन गेला, "कधी उचलायचं?" आणि त्यांनी उत्साहाने सांगितलं, "पाच वाजता, पेढे खायला या." त्या दिवसापासून गोळी बंद. आता फक्त शिंका.

पण शिंकांचं दुखणं नाकापुरतं नव्हतं. आपल्याकडे कामाच्या सुरुवातीला एक शिंक आली की काम होत नाही. तुम्ही हसाल, पण ट्रंक कॉल लावणारा माणूस काही गंमत म्हणून लावत नाही. कुणाचा सौदा असतो, कुणाचं ऑपरेशन. तो देवाचं नाव घेऊन हँडल फिरवतो आणि कानात पहिला आवाज येतो तो माझ्या एका शिंकेचा, पुढच्या मी नाक दाबून अडवायचे. "र्‍हाऊदे बाय, मंग करतो." कॅन्सल. एकाने मुलीच्या स्थळाला होकार कळवायला कॉल बुक केला होता. मी शिंकले, त्याने ठेवला. उद्या करू म्हणाला. उद्यापर्यंत मुलाने दुसरीकडे होकार दिला. तक्रारवहीत त्याने पानभर लिहिलं की ऑपरेटरबाईंच्या शिंकेमुळे त्याच्या मुलीचं लग्न मोडलं.

पेंडसेबाईंनी मला बोलावलं. वही समोर उघडी.

"शोभा, मी असलं मानत नाही. पण महिन्याभरात अकरा कॅन्सल. तुझ्यामुळे प्रत्येक कॉलला माशी शिंकतेय."

"बाई, मी मुद्दाम करते का?"

"नाही ना. पण तू टेंपररी आहेस. दिवाळीच्या आधी मुंबईहून साहेब येतील, बोर्डवर तुझ्या शेजारी बसून कॉल ऐकतील. त्यांच्यासमोर एक जरी कॉल असा गेला तर कायम करायचं विसर. मग मी पण काही करू शकणार नाही."

आमच्या खानदानात सरकारी नोकरीच्या दारापर्यंत पोचलेली मी पहिली. बाबांनी ही बातमी गावाला पत्राने कळवली होती, ते पत्र म्हणे पारावर वाचलं. ते सगळं एका नाकावर अवलंबून. आणि गंमत बघा, आमच्या घरात शकुन-अपशकुन हा प्रकारच नाही. आजोबांनी दीक्षा घेतली त्या दिवशी ते सगळं गेलं, देव्हाऱ्यासकट. बाबा मांजर आडवं गेलं की मुद्दाम त्याच रस्त्याने जायचे. आणि त्यांची मुलगी लोकांच्या अपशकुनापायी घरी बसणार.

तर हे टेन्शन चालू असताना त्रेचाळीस नंबरचं सुरू झालं.

त्रेचाळीस म्हणजे मोऱ्याचा बर्फाचा कारखाना. त्याचे मालक जनार्दनशेठ, कोळी, मोठ्या आवाजाचे. रोज सकाळी मुंबईला भाऊच्या धक्क्यावर कॉल लावायचे, किती बर्फ पाठवू म्हणून. शटर पडलं, मी प्लग घातला, "नंबर प्ली" म्हणेपर्यंत शिंक आली. एकच. मी मनात म्हटलं, गेला कॉल. तेवढ्यात कानात दुसरी शिंक ऐकू आली. आणि शेठ म्हणाले, "हां, दोन झाल्या. दोन शुभ. लावा बाय."

मला वाटलं शेठच शिंकले. बरं वाटलं. चांगला माणूस, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी मी म्हटलं, "शेठ, तुमचे उपकार हो. रोज माझ्यासाठी शिंकता."

"मी? मी कशाला शिंकू? तुमीच जोडीनं शिंकता."

"मी एकदाच शिंकते."

मी कान लावून ऐकलं. लाइनवर दोघांचे श्वास असतात ना, ते ऑपरेटरला ओळखता येतात. त्या दिवशी मी मोजले. माझा धरून तीन होते.

मग एकदा भर दुपारी बोर्ड शांत असताना त्रेचाळीसचं शटर पडलं. कारखाना दुपारी बंद असतो. मी प्लग घातला. "नंबर प्लीज." काही नाही. नुसता वारा, मोकळ्या जागेतला, आणि कुठेतरी पाणी ठिबकत होतं. मला शिंक आली. दोन-तीन सेकंद गेली. मग तिकडून आली, सावकाश, जशी कोणी उत्तर देतं तशी. मी म्हटलं, "कोण बोलतंय?" रिसीव्हर अगदी हळू खाली ठेवल्याचा आवाज आला.

आमचे लाइनमन पाटीलदादा तिथल्याच गावचे, पन्नाशीचे, खांबावर माकडासारखे चढायचे. त्यांना विचारलं, त्रेचाळीसच्या तारेवर दुसरा कोणी आहे का. ते बिडी पेटवत होते, काडी तशीच धरून राहिले.

"हाय ना. पार्टी लाइन हाय ती. एका तारंवर दोन फोन. एक बर्फवाल्याकडं, दुसरा खाडीवरच्या मिठागराच्या चौकीत. एकानं हँडल फिरवला की दुसऱ्याकडं पन घंटी वाजते."

"मग चौकीतून कोणीतरी उचलतंय."

"चौकीत कोन नाय. मिठागर बंद झाला दोन वरसं. काशिनाथ राखनदार व्हता, तो गेला. दाराला कुलूप हाय, मी सोता बघितला."

"आणि फोन?"

"फोन तितंच. कारन काशिनाथ फोनजवलच बसलेला गावला, रिसीवर हातात. मंग तो काडाया कोन जानार? मी तर नाय गेलो." काडीने त्यांचं बोट भाजलं. "ताई, तुमी त्या नंबरला जास्ती बोलू नका."

पेंडसेबाईंच्या कानावर हे गेलं. त्या म्हणाल्या, अडाणीपणा आहे सगळा. पण दुसऱ्या दिवसापासून त्रेचाळीसचं शटर पडलं की त्यांचे हात नेमके कागदपत्रांत गुंतलेले असायचे. "तू घे गं शोभा."

आणि मी घ्यायचे. खरं सांगते, भीती वाटायची. पण सगळ्या बोर्डवर हाच एक नंबर होता जिथे माझा कॉल कॅन्सल होत नव्हता. बाकीच्यांकडे मी एकटी शिंकायचे. इथे माझ्या शिंकेला जोड होती. मी वाट बघायला लागले. एखाद्या दिवशी शिंक आली नाही तर चुकल्यासारखं व्हायचं. हे मी तेव्हा कुणालाच सांगितलं नाही.

शेवटी बाबांना सांगितलं. ते जेवत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शिंक नाकातून येते. जिथं शिंक तिथं नाक, जिथं नाक तिथं माणूस. जाऊन बघ."

"बाबा, तो मेलाय."

"मग नाक कुणाचं ते बघून ये. भ्यायला लागलं की जाऊन बघायचं असतं, शोभे. नाहीतर आपण पुन्हा तिथंच."

रविवारी मी पाटीलदादांना गळ घातली. ते चौकीच्या शंभर पावलं अलीकडे थांबणार, या बोलीवर आले. ऊन चढलेलं होतं. रस्ता भाताच्या बांधावरून, भातं अर्धी पिवळी आणि बाजूला गवत फुललेलं, वाऱ्याबरोबर धूर निघाल्यासारखा पिवळा भुगा उडत होता. माझे डोळे मिटूनच गेले. दादांनी छत्रीचा दांडा माझ्या हातात दिला आणि पुढून ओढत नेलं, आंधळ्याला नेतात तसं. मी शिंका मोजत होते, एकसष्टपर्यंत मोजल्या.

आणि मग त्या थांबल्या.

मी डोळे उघडले. आम्ही मिठागराच्या बंधाऱ्यावर होतो. समोर नुसते चौकोन, लांबपर्यंत, राखाडी चिखल आणि त्यावर मिठाची पांढरी खपली. झाड नाही, गवताचं एक पातं नाही, पक्षी नाही. वारा होता पण त्यात काही नव्हतं. इतकं रिकामं मी कधी बघितलं नाही. आणि माझं नाक उघडं. दोन महिन्यांनी मला वास आला. चिखलाचा, खारा, आणि त्यात दुसरा एक वास, तिखट. तपकिरीचा. तो पुढच्या चौकीकडून येत होता.

दादा तिथेच थांबले. मी पुढे गेले. दाराला कुलूप होतं, पण कडी एकीकडे आणि कुलूप दुसरीकडे, नुसतं लटकवलेलं. मी हात लावायच्या आत आतून आवाज आला, "ती शिंकनारी पोर तू काय?"

माझे पाय चिखलात रुतलेले होते म्हणून मी पळाले नाही, एवढंच.

आत एक म्हातारी बसली होती. लहानखुरी, लुगडं वर खोचलेलं, शेजारी पत्र्याची डबी. भिंतीवर तो काळा फोन. मी दादांना हाक मारली, ते आले, बघितलं आणि मटकन खाली बसले. "हिरूबाय? काशिनाथची हिरूबाय? तू पोराकडं अस्तेस ना गावात?"

"भात फुलला की मना गावान श्वास घेवाला जमत नाय, म्हायती नाय तुना? दरसाल हतं येते. भात कापला की घरी." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुना पन तेच. आवाजावरून वलखला मी."

तिला माझंच दुखणं. तिने ते नाव कधी ऐकलं नव्हतं, हे नाही की ते नाही. लग्न झालं त्या वर्षी ती मरायला टेकली होती, छाती वाजायची. काशिनाथ तिला एकदा खांद्यावर घालून इथे घेऊन आला, वैद्याकडे नेताना जवळची वाट म्हणून, आणि बंधाऱ्यावर तिचा श्वास मोकळा झाला. तो वैद्याकडे गेलाच नाही. मालकाला भेटला आणि राखणदाराची नोकरी मागितली. जिथे कोणी राहायला तयार नव्हतं तिथे तो आयुष्यभर राहिला. गाव म्हणायचं, याला भूत लागलंय.

"आणि फोन का उचलता, मावशी?"

"घंटी वाजली की उचलावाचा. त्यांना मिठागराच्या शेटनं सांगला व्हता, उचलावाचा, ऐकावाचा, मधी बोलावाचा नाय. मी पन नाय बोलत. एकदा दुपारी मीच हँडल फिरवला, तू हायेस का बगावाला." तिला वाटायचं फोन हे ऐकायचंच यंत्र आहे, बोलायचा अधिकार मालकाचा. "तू एकदाच शिंकतेस. एकली शिंक वाईट, पोरीच्या कामाला लागंल. मंग मी चिमूट ओढते आन दुसरी घालते."

मी म्हटलं, "मावशी, आमच्यात हे मानत नाहीत."

"तुमच्यान नसंल. त्यो बर्फवाला मानतो ना? मंग."



आराम कसा पडला ते सांगते, कारण ज्यांना त्रास आहे त्यांनी इथपर्यंत त्यासाठीच वाचलं असेल. हिरूबायने मला मिठाच्या पाण्याने नाक धुवायला शिकवलं. खाडीचं पाणी नाही, उकळून कोमट केलेलं गोडं पाणी, त्यात चिमूटभर स्वच्छ मीठ. ओंजळीतून एका नाकपुडीने हळू ओढायचं, सोडून द्यायचं, मग दुसरी. घरातून निघायच्या आधी आणि पोचल्यावर. तोंड, डोळे, भुवयासुद्धा धुवायच्या. केस ओल्या फडक्याने पुसायचे. आणि सीझनमध्ये कपडे, चादरी बाहेर गवतावरच्या वाऱ्यात वाळत घालायच्या नाहीत. हे शेवटचं ऐकून मला रडू आलं, मी रोज उशी गच्चीत उन्हात टाकत होते. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले पाणी उकळलेलं असू दे, बाकी म्हातारी बरोबर सांगते. एक्स्चेंजच्या गवताकडच्या खिडकीला मी ओलं गोणपाट लावलं. पेंडसेबाईंनी नाक मुरडलं पण काढलं नाही.

पूर्ण बरी नाही झाले. पण साठाच्या सहा झाल्या. माणसात आले.

साहेब येणार होते त्या दिवशी आले नाहीत. चार दिवस आधीच आले, न कळवता, सकाळी दहाला. योगायोग असा की त्याच दिवशी पाटीलदादा हिरूबायला बाजारात घेऊन आले होते आणि तिला म्हणाले होते, चल, आवाज कुठून येतो ते दाखवतो. ती दरवाजाजवळच्या बाकावर येऊन बसली आणि मागोमाग साहेबांची जीप. पेंडसेबाईंना तिला उठवायलाही वेळ मिळाला नाही.

साहेब माझ्या शेजारी बसले, दुसरा हेडफोन लावला, घड्याळ काढून ठेवलं. मी कॉल घेत गेले. पाच, सहा, सात, सगळे नीट. साहेब अंगावर कसलंसं अत्तर लावून आले होते. माझ्या नाकात आत कुठेतरी मुंगी चालायला लागली. मी वरचा ओठ दाबून धरला.

त्रेचाळीसचं शटर पडलं. प्लग घातला. "नंबर प्लीज." जनार्दनशेठ म्हणाले, "भाऊचा धक्का लावा बाय, अर्जंट, मोठी बोट लागलीय." आणि मला शिंक आली. एकच. साहेबांच्या कानात.

शेठ घुटमळले, मला ऐकू आलं. "बाय, आता... र्‍हाऊदे का मंग..." साहेबांनी पेन्सिल उचलली. माझी नोकरी त्या पेन्सिलच्या टोकावर होती, आणि पेंडसेबाईंनी मागे डोळे मिटलेले होते.

तेव्हा लाइनवर दुसरी शिंक झाली.

"हां, झाल्या दोन," शेठ म्हणाले. "लावा."

मी अर्जंटमध्ये बुक केला. हात चालत होते. साहेबांनी वेळ लिहिली आणि हेडफोन काढता काढता म्हणाले, "तुमच्या सबस्क्रायबरला पण सर्दी दिसते." पेंडसेबाई हसल्या, जरा जास्तच. मी मान वळवून दाराकडे बघितलं. हिरूबाय बाकावर बसलेली होती. हात मांडीवर, डबी कनवटीला. मी शिंकले ते तिने ऐकलं असेल, खोली केवढीशी. पण लाइनवरचं तिला काय कळणार, हेडफोन दोनच, एक माझ्या कानाला आणि एक साहेबांच्या.

मी कायम झाले. ऑर्डर पुढच्या महिन्यात आली. बाबांनी परत गावाला पत्र लिहिलं. त्यांनी मला विचारलं होतं, नाक कुणाचं निघालं, मी सांगितलं, एका म्हाताऱ्या बाईचं. ते म्हणाले, बघ, माणूसच निघाला ना. मी हो म्हटलं. पुढचं त्यांना आजपर्यंत सांगितलं नाही. ते हा अंक वाचतील तेव्हा आमच्यात काय बोलणं होईल माहीत नाही. मी अजूनही मांजर आडवं गेलं तर थांबत नाही. पण खोटं लिहिणार नाही.

कारण साहेबांची जीप गेल्यावर मी बाकाजवळ गेले होते. हिरूबायशेजारी बसले. म्हटलं, "मावशी, मघाशी तुम्ही इथे होतात. चौकीत कोण आहे?"

"कोन नाय. कुलूप लावून आयले. या टायमाला खरं लावला."

"तिकडून शिंक आली. आत्ता."

तिने माझ्याकडे बघितलं. घाबरली नाही. नवल पण वाटलं नाही तिला. थोडा वेळ तिने आठवल्यासारखं केलं आणि विचारलं, "बारीक व्हती का जाड?"

मी कानात परत ऐकलं. ऑपरेटरचा कान आहे, आवाज चुकत नाही. "जाड. पुरुषाची."

"आधी दोनदा नाक वढला?"

"हो."

ती उठली. लुगडं झटकलं, बाजाराची पिशवी उचलली. पाटीलदादा म्हणाले, "थांब, चा घे, मंग मी सोडतो." तिने नको म्हटलं.

"मना जावाला पायजे," ती म्हणाली. "त्यांच्या हातानं चूल पेटत नाय."

आणि ती उन्हात खाडीच्या बाजूला निघाली, एकटी, भराभरा, घरी उशीर झालेल्या बाईसारखी.